गोधडी निर्धोक, बैठक धोक्याची

गरजूंसाठी पांघरुणे शिवून देण्यात कोणाला कसला धोका, असे मार्च २०२० पूर्वी कोणी विचारले असते तर त्याला हसण्यावारीच नेले गेले असते. बोटाला सुई टोचणे, पाठ भरून येणे, फार तर डोळ्यांवर ताण पडणे, एवढीच काय ती या कामातली जोखीम. मात्र ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची साथ जगभर पसरल्याचे जाहीर केले आणि अमेरिकेत गावोगावी चालणाऱ्या सेवाभावी शिवणगटांपुढे एक नवाच प्रश्न उभा राहिला. रुग्णालयातील मुलांना, बेघरांना, युद्धावरून परतलेल्या सैनिकांना आपण जी गोधडी देतो, तिच्यासोबत विषाणूही जात असेल तर?

या प्रश्नाचे नेमके उत्तर मिळायला वर्षभराहून अधिक काळ लागला. ते मिळाले तेव्हा असे दिसून आले की, चिंता योग्य होती, पण तिची दिशा चुकली होती. गोधडी घेणाऱ्यापेक्षा ती शिवणाऱ्याच्या जिवाला अधिक धोका होता. आणि तो कापडात दडलेला नव्हता. शेजारी बसून गप्पा मारणाऱ्या मैत्रिणीच्या श्वासात होता.

तीन थर आणि एक चौकट

अमेरिकेतील 'क्विल्ट' ही आपल्या गोधडीची चुलत बहीण. आपल्याकडे जुन्या साड्या, धोतरे, पातळांचे तुकडे एकावर एक अंथरून धावदोऱ्याने शिवले जातात. क्विल्टचे तीन थर मात्र ठरलेले असतात. वर तुकडे जोडून केलेला दर्शनी भाग, मध्ये कापसाचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर आणि खाली अस्तर. तुकडे जोडण्याचे काम एकटीला घरी बसून करता येते. तिन्ही थर एकत्र टाचण्याचे काम मात्र मोठे आणि कंटाळवाणे. त्यासाठी लाकडी चौकटीवर गोधडी ताणून तिच्या भोवती सात-आठ बायका बसत आणि दिवस मावळेपर्यंत गप्पा मारत टाके घालत. या बैठकीला 'क्विल्टिंग बी' असे नाव पडले. आता बरेचसे टाके लांब बाहूच्या यंत्रावर घातले जातात. पण बैठक टिकून आहे. चर्चच्या तळघरात, ग्रंथालयाच्या सभागृहात, ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्रात ती आठवड्यातून एकदा भरते. गोधडी हे तिचे निमित्त आणि सोबत हा तिचा खरा लाभ, असे म्हणणेही चुकीचे ठरणार नाही.

दानासाठी शिवण्याची परंपरा तेथे दीडशे वर्षांहून जुनी आहे. १८६१ ते १८६५ या काळातील यादवी युद्धात उत्तरेकडील राज्यांतील स्त्रियांनी 'सॅनिटरी कमिशन'च्या मार्फत सैनिकी रुग्णालयांना पांघरुणे पुरवली. पहिल्या महायुद्धात रेडक्रॉससाठी निधी जमवण्याची एक नामी युक्ती निघाली. काही पैसे देणाऱ्याचे नाव गोधडीवर भरतकामाने काढायचे. 'मॉडर्न प्रिसिला' या मासिकाने डिसेंबर १९१७ च्या अंकात अशा एका गोधडीतून १ हजार डॉलर कसे उभे करता येतील, याचा नमुनाच दिला होता. दुसरे महायुद्ध संपताना, १९४५ साली, लुथेरन वर्ल्ड रिलीफ ही संस्था स्थापन झाली आणि उद्ध्वस्त युरोपला गोधड्या रवाना होऊ लागल्या.

आजच्या संस्थांपैकी 'प्रोजेक्ट लायनस'ची सुरुवात १९९५ साली कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरजवळ झाली. रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या एका लहान मुलीला तिच्या आवडत्या पांघरुणाचा किती आधार वाटला, हे कॅरन लाउक्स यांनी एका साप्ताहिकात वाचले आणि स्थानिक रुग्णालयातील मुलांसाठी पांघरुणे करण्याचे ठरवले. सतत पांघरूण कवटाळून बसणाऱ्या 'पीनट्स' चित्रमालिकेतील लायनसचे नाव संस्थेला मिळाले. आजवर या संस्थेमार्फत लक्षावधी पांघरुणे मुलांपर्यंत पोहोचली आहेत. 'क्विल्ट्स ऑफ व्हॅलर' ही संस्था २००३ मधील. मुलगा इराकमध्ये सैनिकी सेवेत असताना कॅथरिन रॉबर्ट्स यांनी ती सुरू केली. तिची गोधडी सैनिकाच्या हाती नुसती सोपवली जात नाही, ती त्याच्या खांद्यांभोवती लपेटली जाते. साथीच्या काळात एका परक्या माणसाने दुसऱ्याला असे लपेटणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

कापडाची जुनी भीती

साथीत कापडाविषयी संशय वाटणे नवे नाही आणि तो नेहमीच निराधार होता असेही नाही. देवीच्या रोग्याच्या खपल्या अंथरुणात राहत आणि त्यातून संसर्ग होऊ शके. अमेरिकेच्या इतिहासात या गोष्टीला एक काळी किनार आहे. १७६३ साली फोर्ट पिट या ब्रिटिश किल्ल्यातून देवीच्या रुग्णालयातील दोन पांघरुणे आणि एक रुमाल तेथील मूळ रहिवाशांच्या दूतांना मुद्दाम भेट देण्यात आला. विल्यम ट्रेंट या व्यापाऱ्याच्या रोजनिशीत त्याची नोंद आहे. रोग त्यामुळेच पसरला की त्या प्रदेशात तो आधीपासूनच होता, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. हेतूविषयी मात्र शंका घेण्याजोगे काही उरत नाही. पांघरुणाचे दान आणि रोगाची भीती यांची गाठ तेव्हापासून तिथल्या लोकस्मृतीत पक्की बसली आहे.

आपल्याकडे पुण्यात १८९७ च्या प्लेगमध्ये सोजिरांनी घरे तपासली, रोग्यांची अंथरुणे-पांघरुणे जाळली. त्या संतापाची परिणती रँडच्या वधात झाली, हा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. प्लेगचा खरा वाहक उंदरावरची पिसू होय, असे फ्रेंच संशोधक पॉल-लुई सिमाँ यांनी पुढच्याच वर्षी, १८९८ साली, कराचीतील प्रयोगातून दाखवले. पिसू कपड्यांतूनही प्रवास करू शकते, त्यामुळे ती जाळपोळ अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. पण वाकळी जळत होत्या आणि उंदीर मात्र घरातच होते.

एड्सच्या साथीत ही भीती आणखी टोकाला गेली. एचआयव्ही स्पर्शाने किंवा कापडाने पसरत नाही, हे वैद्यकशास्त्र सांगत असतानाही बाधित मुलांना जवळ घ्यायला लोक धजत नव्हते. न्यू हॅम्पशायरमधील एलन आल्ग्रेन या आजीबाईंनी १९८८ साली अशा तान्ह्या मुलांसाठी पाळण्यातल्या गोधड्या शिवण्याची 'एबीसी क्विल्ट्स' ही मोहीम सुरू केली. रुग्णालयात पडून असलेल्या, कोणी न कवटाळलेल्या बाळाला कोणाच्या तरी हाताने शिवलेले पांघरूण मिळावे, इतकाच तिचा उद्देश होता. आदल्या वर्षी, ११ ऑक्टोबर १९८७ रोजी, वॉशिंग्टनमधील नॅशनल मॉलवर एड्सने मृत्यू पावलेल्यांच्या स्मरणार्थ शिवलेली प्रचंड गोधडी प्रथम अंथरली गेली होती. तिचे १ हजार ९२० भाग होते आणि प्रत्येकाचा आकार ३ फूट बाय ६ फूट, म्हणजे एका थडग्याएवढा. आज ही संख्या ५० हजारांच्या घरात आहे.

हे सारे सांगायचे कारण असे की, २०२० साली शिवणगटांनी कापडाची जी धास्ती घेतली, तिच्यामागे असा मोठा भूतकाळ होता. त्यातच १७ मार्च २०२० रोजी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रयोगशाळेत हा विषाणू प्लॅस्टिक आणि स्टेनलेस स्टीलवर ७२ तासांपर्यंत, तर पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत सक्रिय आढळला. या प्रयोगात कापडाचा समावेश नव्हता. पण घाबरलेल्या माणसाला एवढा तपशील कोठे दिसतो? दान आलेले कापड दिवसेंदिवस पिशवीत बंद ठेवणे, तयार गोधडी दोन-दोनदा धुणे, पार्सलचे खोके उन्हात ठेवणे असे उपाय घरोघरी सुरू झाले. आपल्याकडे त्या दिवसांत भाजीच्या जुड्या साबणाच्या पाण्यात बुडवल्या जात होत्या, त्यातलाच हा प्रकार.

पुढे संशोधन वाढत गेले तसे चित्र पालटले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्राने (सीडीसी) ५ एप्रिल २०२१ रोजी उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने संसर्ग होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी आहे, असे त्यात म्हटले होते. कापडासारख्या सच्छिद्र वस्तूंवर तर सक्रिय विषाणू काही मिनिटांत वा तासांत सापडेनासा होतो. याचे कारण समजण्यास सोपे आहे. गुळगुळीत पृष्ठभागावर थेंब थेंबाच्याच रूपात राहतो. कापडाचे तंतू तो शोषून घेतात, त्यातील ओलावा पसरतो आणि विषाणू वाळून जातो. आठवडाभर मांडीवर घेऊन शिवलेली, मग धुतलेली, वाळवलेली आणि टपालाने पाठवलेली गोधडी पलीकडच्या मुलाच्या हाती पडेपर्यंत तिच्यात भीतीचे कारण जवळपास उरतच नव्हते.

चौकटीभोवतीचे गणित

आता बैठकीकडे वळू. दानासाठीच्या गोधडीचे सर्वसाधारण माप ६० इंच बाय ८० इंच, म्हणजे ५ फूट बाय पावणेसात फुटांहून किंचित कमी. ती चौकटीवर ताणताना दोन्ही बाजूंनी गुंडाळत आणतात आणि मधला दोन-तीन फुटांचा पट्टा मोकळा ठेवतात, कारण हात त्यापलीकडे पोहोचत नाही. लांबीच्या प्रत्येक बाजूला तीन जणी बसल्या तर दोघींमधील अंतर जेमतेम सव्वादोन फूट. समोरच्या बाईचा चेहरा, दोघी टाक्यावर वाकलेल्या असल्याने, तीन फुटांहूनही कमी अंतरावर. अशा स्थितीत 'सहा फूट अंतर ठेवा' या सूचनेचे पालन करायचे तर एका चौकटीवर दोघींनाच, तेही दोन टोकांना, बसता येईल. शिवाय सहा फुटांचा नियमही पुरेसा नव्हता, हे नंतर उघड झाले.

ते उघड करणाऱ्या घटनांपैकी सर्वांत बोलकी घटना गायनाची आहे. वॉशिंग्टन राज्यातील माउंट व्हर्नन येथे १० मार्च २०२० च्या संध्याकाळी स्कॅजिट व्हॅली कोराल या हौशी गायनवृंदाचा सराव एका चर्चच्या सभागृहात झाला. ६१ जण हजर होते. दारात हात निर्जंतुक करण्याची सोय होती, आलिंगन आणि हस्तांदोलन टाळण्यात आले होते. म्हणजे त्या वेळच्या समजुतीनुसार दक्षता घेतली गेली होती. सराव अडीच तास चालला. त्यानंतर ५३ जण आजारी पडले, त्यांपैकी ३३ जणांचा आजार चाचणीने निश्चित झाला आणि दोघांचा मृत्यू झाला. सदस्यांच्या वयाचा मध्य ६९ वर्षे होता. बंद खोलीत साचणारे श्वासातील अतिसूक्ष्म तुषार हेच याचे मुख्य कारण असावे, असा निष्कर्ष संशोधकांनी पुढे काढला.

या गायनवृंदाच्या जागी शिवणगट ठेवून पाहा. खोली तशीच, बहुधा चर्चचीच. वयोगट तोच. बैठकीचा वेळ अडीच तासांहून अधिक. गाणे नाही हे खरे, आणि गाताना तुषार अधिक उडतात हेही खरे. पण अखंड चालणाऱ्या गप्पा, मध्येच चहा, घरून करून आणलेला केक आणि थंडीमुळे घट्ट लावलेल्या खिडक्या आहेतच. अमेरिकेत गोधड्या शिवणाऱ्या स्त्रीचे सरासरी वय साठीच्या आसपास असते आणि त्या देशात करोनाने मरण पावलेल्या दर दहांपैकी आठ जण ६५ वर्षांवरील होते, असे सीडीसीने त्या काळात नमूद केले होते. हे आकडे एकत्र ठेवले की कोणाला जपायला हवे होते ते कळते. आजाऱ्यांना ऊब देण्यासाठी जमलेल्या या आजीबाईच सर्वाधिक असुरक्षित होत्या. त्यांना स्वतःविषयी तसे वाटत नव्हते, कारण दान देणारा नेहमी स्वतःला सुदृढ समजतो.

गोधडीच्या कापडाचे मास्क

बैठका थांबल्या, हात मात्र थांबले नाहीत. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील रुग्णालयांत मास्कचा तुटवडा इतका होता की, इंडियानातील इव्हान्सव्हिल येथील डीकनेस रुग्णालयाने नागरिकांना घरी मास्क शिवून देण्याचे आवाहन करून सोबत नमुन्याची चित्रफीत दिली. सिएटल परिसरातील प्रॉव्हिडन्स रुग्णालयांनी दहा कोटी मास्कची मोहीम जाहीर केली. सीडीसीने सर्वसामान्यांना चेहरा कापडाने झाकण्याचा सल्ला ३ एप्रिल रोजी दिला, तोवर गोधडीवाल्यांची यंत्रे रात्रंदिवस चालू होती.

हे इतक्या झटपट कसे जमले? पुरवठा साखळी तुटलेली, दुकाने बंद. पण गोधडी शिवणाऱ्यांच्या घरात कापडाचा साठा असतो. विकत घेतलेले, कधीतरी उपयोगी पडेल म्हणून घडी करून ठेवलेले सुती कापड. घरच्यांनी इतकी वर्षे ज्या कपाटांची थट्टा केली, तीच कपाटे आता कामाला आली. ६० बाय ८० इंची गोधडीच्या दर्शनी भागाला आणि अस्तराला मिळून जेवढे कापड लागते, त्यातून ९ बाय ६ इंचांच्या दोन तुकड्यांचे ऐंशीहून अधिक मास्क निघतात. कापड होते, संपले ते इलॅस्टिक. मग कापडाच्या नाड्या, जुन्या टी-शर्टच्या पट्ट्या, केसांची रबरे जे हाती येईल ते लावले गेले. नाडीचा मास्क बांधायला त्रासदायक, पण उकळत्या धुण्यात इलॅस्टिकपेक्षा जास्त टिकतो.

हे कापड गुणवत्तेतही सरस ठरले. नॉर्थ कॅरोलिनातील वेक फॉरेस्ट बॅप्टिस्ट हेल्थ या वैद्यकीय संस्थेत डॉ. स्कॉट सीगल आणि सहकाऱ्यांनी एप्रिल २०२० मध्ये स्वयंसेवकांनी शिवलेले मास्क तपासले. सर्वोत्तम घरगुती मास्कने ७९ टक्के कण अडवले. शस्त्रक्रियेच्या वेळी वापरल्या जाणाऱ्या मास्कचे प्रमाण ६२ ते ६५ टक्के आणि एन-९५ चे ९७ टक्के होते. काही घरगुती मास्क मात्र अवघा १ टक्का कण अडवत होते. पहिल्या क्रमांकाचे मास्क गोधडीसाठी विकल्या जाणाऱ्या जाड, दाट विणीच्या, इंचाला १८० किंवा अधिक धागे असलेल्या सुती कापडाच्या दुहेरी थराचे होते. कापड दिव्यासमोर धरून प्रकाश कितपत आरपार येतो ते पाहावे, ही साधी कसोटीही याच तपासणीतून घरोघरी पोहोचली. अर्थात, हे आकडे कापडाच्या गाळणक्षमतेचे आहेत. मास्क गालाशी सैल राहिला तर हवा कडेने जाते आणि उत्तम कापडही निरुपयोगी ठरते. ओमायक्रॉनच्या लाटेत, जानेवारी २०२२ मध्ये, सैल विणीचे कापडी मास्क सर्वांत कमी संरक्षण देतात असे सीडीसीने स्पष्टच सांगितले. कापडी मास्कचे मोल २०२० च्या त्या टंचाईच्या महिन्यांतले आहे. ते त्या काळाबाहेर ताणू नये.

अलाबामातील जीज बेंड हे कृष्णवर्णीय वस्तीचे छोटे गाव. गुलामांच्या वंशजांनी शेतकामाच्या फाटक्या कपड्यांतून शिवलेल्या इथल्या गोधड्या २००२ पासून मोठमोठ्या कलासंग्रहालयांत लागल्या आहेत. जीर्ण कपड्याला दुसरा जन्म देण्याची ही रीत आपल्या वाकळीच्या फार जवळची. या गावातील गोधडीकार स्त्रियांनी २०२० च्या वसंतात गावातल्या प्रत्येक माणसासाठी मास्क शिवायला घेतले. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात गर्ट मॅकमुलिन कामाला लागल्या होत्या. एड्सच्या स्मृतिगोधडीची १९८७ पासून देखभाल करणाऱ्या या बाईंनी गोधडीचे उरलेले कापड काढले आणि त्याचे मास्क करून बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दिले. एका साथीतील मृतांसाठी आणलेले कापड दुसऱ्या साथीतील जिवंतांच्या चेहऱ्यावर गेले.

लॉस एंजेलिसमधील रंगकर्मी क्रिस्टिना वाँग यांनी २४ मार्च २०२० रोजी सुरू केलेल्या 'ऑन्टी सोइंग स्क्वॉड'चा विशेष उल्लेख करायला हवा. शेकडो 'मावश्यां'च्या या पथकाने ऑगस्ट २०२१ मध्ये काम थांबवेपर्यंत सुमारे साडेतीन लाख मास्क नावाहो वस्तीवरील रहिवासी, शेतमजूर, स्थलांतरित अशा दुर्लक्षितांपर्यंत पोहोचवले. पथकाने एक अडचणीचा प्रश्नही विचारला. जगातील सर्वांत श्रीमंत देशात आरोग्यरक्षणाची मूलभूत वस्तू पुरवण्याचे काम बायकांच्या फुकट श्रमावर का सोडले जाते? वाँग यांनी याच अनुभवावर उपहासगर्भ एकपात्री प्रयोग केला आणि २०२२ च्या पुलित्झर पुरस्काराच्या नाट्यविभागात तो अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. सेवेचे कौतुक करताना हा प्रश्न झाकला जातो, म्हणून तो येथे नोंदवणे आवश्यक वाटते.

काम वाटले, खोली रिकामी ठेवली

मूळ गोधड्यांचे काय झाले? त्याचा मार्ग गोधडीच्या रचनेतच होता. काम मुळात तुकड्यांचे असल्याने ते घराघरांत वाटता आले. एकीने कापड मोजून कापायचे आणि एका गोधडीचा ऐवज एका पिशवीत भरायचा. ती पिशवी दुसरीच्या पायरीवर ठेवून, बेल वाजवून मागे व्हायचे. तिने चौकोन जोडायचे, तिसरीने लांब बाहूच्या यंत्रावर थर टाचायचे, चौथीने कडेला पट्टी लावायची. चौकटीभोवती एकाच वेळी होणारे काम अशा रीतीने लांबलचक साखळीत उलगडले गेले. त्यात वेळ जास्त जातो आणि मध्येच एखादी आजारी पडली की पिशवी अडकून राहते. पण साखळीतील कोणीही दुसरीच्या श्वासाच्या टप्प्यात येत नाही. कापडाची देवाणघेवाण सुरू ठेवणे आणि माणसांची थांबवणे, हेच खरे सुरक्षित सूत्र होते. आणि सुरुवातीच्या भीतीत अनेकांनी नेमके उलटे केले होते.

हुकली ती सोबत. एकट्या राहणाऱ्या वृद्धेला आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या सहा जणी, हा तिच्या आरोग्याचाच भाग असतो. व्हिडीओ कॉलवर कॅमेरा हातांकडे वळवून सोबत शिवण्याचे प्रयोग झाले. गोधडीकारांचे मेळेही पडद्यावर गेले. ह्यूस्टनचा आंतरराष्ट्रीय क्विल्ट महोत्सव २०२० साली प्रत्यक्ष भरलाच नाही. टाक्याची चूक शेजारणीने हात लावून दुरुस्त करून देणे पडद्यावर जमत नाही, ही मर्यादा राहिलीच.

याबाबतीत आपली परंपरा नकळत अधिक शहाणी म्हणायची. गोधडी घातली जाते ती उन्हाळ्याच्या दिवसांत, ओसरीवर किंवा अंगणात. अंथरण्यापुरती मोकळी जागा लागते म्हणून. हवा खेळती ठेवण्याचा जो सल्ला जगाला २०२१ मध्ये पटला, तो या जागेच्या निवडीत आपोआप पाळला जात होता. साथीच्या काळात महाराष्ट्रातील बचत गटांच्या स्त्रियांनीही मोठ्या प्रमाणावर मास्क शिवले, त्यातही घरच्या यंत्रावर वेगवेगळे बसून काम करण्याची पद्धत उपयोगी पडली. आता शहरांतील सोसायट्यांत हिवाळ्याआधी बेघरांसाठी गोधड्या शिवण्याचे उपक्रम घ्यायचे झाल्यास तळमजल्याच्या बंद सभागृहाऐवजी गच्ची किंवा पार्किंगची मोकळी जागा घ्यावी, सर्दी-खोकला असणारीने त्या दिवशी पिशवी घरी मागवून घ्यावी, एवढी काळजी पुरेशी आहे. फ्लूच्या दिवसांतही ती तितकीच लागू पडते. कापड जंतुनाशकात भिजवण्याचा खटाटोप करण्याची गरज नाही. उलट, त्याचा उग्र वास दम्याच्या रुग्णाला त्रास देईल.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी करोनाविषयक जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. बैठका त्याआधीच, लसीकरणानंतर हळूहळू, पुन्हा भरू लागल्या होत्या. कापड दिवसेंदिवस अडकवून ठेवण्याचे नियम गेले. राहिले ते साथीच्या आधीचे साधे नियम, आणि तेच आजारी मुलाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पांघरूण नवे आणि धुता येण्याजोगे असावे. त्याला सिगारेटचा, अत्तराचा किंवा कुबट वास नसावा, मांजराचे केस नसावेत. आणि देण्यापूर्वी ते दोन्ही बाजूंनी तळहाताने चाचपून पाहावे, कारण थरांमध्ये राहून गेलेली एखादी टाचणी डोळ्यांना दिसत नाही.